सरकून घ्या

कोल्हारच्या मेन रोडवर टायरच्या दुकानाच्या माडीवर दीनाची एडिटिंगची खोली. चोवीस वर्षांत तिने पंचक्रोशीतली हजारभर लग्नं कापली होती. 'कापली' हा धंद्यातला शब्द. नवखी गिऱ्हाइकं तो ऐकून दचकायची आणि दीनाला त्याची भारी गंमत वाटायची. नवरा स्टीफन कॅमेऱ्यावर, फैयाज लाईटवर आणि कापायला दीना, असा तिघांचा संसार. दुपारी चारला खालचा टपरीवाला बजरंग दोन चहा आणून ठेवायचा. स्टीफन आपला चहा बशीत ओतून फुर्र करून प्यायचा आणि दीना त्याला रोज त्यावरून बोलायची.

मार्चमध्ये जुना कॉम्प्युटर बसला. त्यावरचं सॉफ्टवेअर नव्या मशीनवर चालेना, म्हणून फैयाज नगरहून नवीनच घेऊन आला.

"भाभी, आता समदे ह्याच्यावरच करत्यात. आठ दिवसात हात बसंल."

"माझा हात चोवीस वर्षांपूर्वीच बसलाय," दीना म्हणाली. "त्याला म्हणावं, तूच बस माझ्या हाताखाली."

नवीन मशीनपुढे वाकेल ती दीना कसली! पण पोटाची गोष्ट होती, शिकणं भाग होतं. दुसऱ्याच्या लग्नावर हात साफ करायचा नाही, म्हणून तिने स्वतःच्या लग्नाची कॅसेट कॉम्प्युटरवर घेतली. मागच्या खुर्चीत स्टीफन येऊन बसला.

पडद्यावर पंगत आली. नवरी दीना लाडूचा घास हातात धरून नाव घेत होती: 'प्रवरेच्या काठी ऊस हिरवागार, स्टीफनरावांसंगे मांडते संसार.' मग लाडू फुटला, अर्धा स्टीफनच्या मिशीत अडकला आणि सगळा मांडव हसला.

"तेवढं काढून टाक की आता," स्टीफन म्हणाला. "सत्तावीस वर्षं झाली सांगतोय."

"पंगत मी कापत नाही, माहितीये तुला."

दीनाचा तो नियमच होता. जेवत्या माणसाला पंगतीतून उठवू नये ही तिच्या आईची शिकवण, तीच तिने धंद्यात आणली होती.

"आगं, घरचीच तर पंगत हाय."

घरचीच म्हटल्यावर दीनाला हसू आलं. तिने घासाच्या शॉटवर क्लिक केलं आणि सवयीने डिलीट दाबलं.

जुन्यात डिलीट दाबलं की शॉट जायचा आणि तिथे काळी जागा राहायची. तिथे काहीतरी होतं हे ती जागा सांगत बसायची, आणि दीना मग तिथे गुलाबाचं फूल नाहीतर मांडवाची झालर बसवायची. इथे काळी जागा राहिलीच नाही. मागचे शॉट सरसर पुढे आले आणि चिकटले. पंगतीतलं एखादं पान रिकामं दिसलं की वाढपी ओरडतो ना, सरकून घ्या, सरकून घ्या, आणि बघता बघता माणसं खांद्याला खांदा लावून बसतात, तसं झालं.

"बरंय की," दीना म्हणाली. तिने काम सेव्ह केलं आणि फाईल बंद केली.

चार वाजता बजरंगने एक चहा आणून ठेवला.

"दुसरा?"

"कुनाला, ताई?"

दीनाने मागे वळून पाहिलं. खोलीत ती एकटीच होती. खुर्चीही एकच होती.

"कुणाला नाही," ती म्हणाली. "तोंडातून गेलं."

पंधरा दिवसांनी अजिनाथराव आले. मोठे बागाईतदार, त्यांच्या मुलीचं लग्न नुकतंच झालं होतं. फैयाजने शूटिंग केलं होतं. कॅमेरा, लाईट सगळं तो पहिल्यापासून एकटाच बघायचा. अजिनाथरावांनी पंगत बघितली आणि माऊस स्वतःच्या हातात घेऊन हिरव्या लुगड्यातल्या एका म्हातारीवर क्लिक केलं.

"ही बघा, बनुबाई. आमची बहीन. हक्कसोडीवर सही करंना. बापाच्या जमिनीत वाटा पायजे म्हनं तिला. हिला काढा ह्यातून."

"पंगतीतलं माणूस मी उठवत नाही, अजिनाथराव."

"मंग दुसरीकडं जाऊ का?"

"जा की. रस्ता चांगला रुंद आहे."

"परवा येतो," ते जिना उतरता उतरता म्हणाले. "ही बया दिसाया न्हाई पायजे."

दीना तणतणतच कामाला बसली. पंगतीच्या आधीचा झुंबराचा शॉट लांबला होता, तो काढायचा म्हणून तिने डिलीट दाबलं. पण झुंबर जागच्या जागीच राहिलं. जुन्यात टेप जिथे थांबली असेल तिथला शॉट जायचा. यात शेवटचं क्लिक ज्याच्यावर, तो जायचा. पंगत सरसर सरकली. हिरवं लुगडं कुठेच दिसेना.

दीना चुकचुकली आणि तिने सहज खिडकीबाहेर बघितलं.

रस्त्यापलीकडे पिठाची गिरणी, मग बनुबाईचं निळ्या दाराचं घर, मग सायकलचं दुकान. चोवीस वर्षं याच क्रमाने बघितलेलं. आता गिरणीची भिंत सायकलच्या दुकानाला टेकली होती. मध्ये बोट घालायलाही फट नव्हती.

बजरंग चहा घेऊन वर आला.

"बजरंग, बनुबाईचं घर?"

"कोन बनुबाई?"

तिने अजिनाथरावांना फोन लावला.

"बहीन?" ते म्हणाले. "मला बहीन न्हाई, बाई. एकुलता एक हाय मी." आवाजात राग नव्हता. आनंदही नव्हता.

फाईल अजून उघडी होती, सेव्ह केलेली नव्हती. दीनाने मागे घ्यायचं बटण दाबलं. पंगत फाकली. हिरवं लुगडं परत आलं. बाहेर निळं दार होतं आणि बनुबाई ओटा झाडत होती.

दीनाचा जीव भांड्यात पडला. आणि लगेच तिला दुसरं काहीतरी आठवलं.

पहिल्या दिवशी तिने काहीतरी कापलं होतं. सेव्ह केलं होतं. फाईल बंद केली होती.

तिने ती फाईल उघडली. मागे घ्यायचं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. ते मेलेलं होतं. बंद झालेल्या फाईलला मागचं काही आठवत नाही.

मूळ कॅसेट लावली. तीही तेवढीच आखूड झाली होती.

मांडव होता, पाहुणे होते, शालू नेसलेली नवरी दीना होती. तिच्या उजव्या खांद्याला मावशी चिकटून बसली होती, डाव्या खांद्याला मामी.

डाव्या हातातली अंगठी तिने फिरवून बघितली. घट्ट बसली होती.

"फैयाज," संध्याकाळी तिने विचारलं, "तू मला काय म्हणतोस?"

"दीदी. पहिल्यापासनं."

"माझं लग्न कुणाशी झालं?"

फैयाज कसनुसं हसला. "तुमचं कुठं झालंय, दीदी?"

त्या दिवशी दीना पोटभर रडली. कुणासाठी ते तिला सांगता आलं नसतं, पण रडू खरं होतं.

अजिनाथराव ठरल्याप्रमाणे आले. दीनाने बनुबाईसकट अख्खी पंगत त्यांना दाखवली.

"मी काय सांगितलं हुतं?"

"ऐकलं होतं. केलं नाही. एक माणूस उठलं की शेजारचे सरकून घेतात, अजिनाथराव. मग जागा शोधूनही सापडत नाही. सही पाहिजे तर तिच्या दारात जाऊन मागा. माझ्या बोटाने तिला उठवायचं नाही."

"लई मिजास आली का, बाई?"

"आली. न्यायचं तर असंच न्या."

ते दाण दाण पाय आपटत गेले. दीनाने त्याच लग्नाची एक प्रत काढली, रस्ता ओलांडला आणि निळ्या दारात बनुबाईच्या हातात दिली. नवीन सॉफ्टवेअर तिने टाकलं नाही. डिलीटचं बटण मात्र स्क्रूड्रायव्हरने उचकटून काढलं. कीबोर्डवर तिथे आता भोक आहे.

चर्चमधल्या कापणीच्या सणाला अंगणात पंगत बसली. दीनाने शेजारी एक पान मांडून घेतलं आणि सतरंजीवर तळहात टेकून बसली. वाढपी प्रभुदास लाडवाची परात घेऊन आला.

"सरकून घ्या, दीनाबाई. मागं मान्सं खोळंबल्यात."

"नाही सरकणार. इथं माणूस आहे."

"कोन?"

"आहे."

प्रभुदास मिश्कील हसला. बायका वळून बघायला लागल्या. "आसं व्हय! मंग नाव घ्या की. नाव घेतल्याबिगर लाडू न्हाई."

दीनाने तोंड उघडलं. ओठांवर ओळ आपोआप आली, कुठून ते तिला कळलं नाही.

"प्रवरेच्या काठी ऊस हिरवागार, मांडते संसार."

ओळ कुठे अडली नाही. फक्त ऐकायला थोडी आखूड वाटली.

मागून कुणीतरी पुन्हा ओरडलं, सरकून घ्या. दीना सरकली नाही.