गुलाबी पेट्रोल

भाविकाने शटर वर सारले, पायरीवर पाणी शिंपडले, फळीवरच्या गणपतीला अगरबत्ती लावली आणि पत्र्याच्या थाळीत रॉकेल ओतून पाने-पेचकस हाताशी मांडले. पेणच्या बसस्थानकामागच्या तिच्या या दुरुस्तीच्या दुकानात रोजची सकाळ अशीच उजाडे. जोहे गावाहून बस आली, की मात्र तिचा हात नकळत केसांकडे जाई.

आजही साहिल उतरला. खांद्यावर वाडीतले गवत कापायचे यंत्र, नखांत सोनेरी रंग. जोह्याच्या मूर्तींच्या कारखान्यात तो गणपतीच्या डोळ्यांची आखणी करी. शेजारचे दुरुस्तीचे दुकान बंद होते म्हणून उन्हाळ्यात तो पहिल्यांदा इथे शिरला होता.

“पुन्हा तेच?”

“तेच हाय, मॅडम. चोक लावला की गातंय, काढला की गप्प. तुमच्यासमोर बोलतंय, घरी गेलं की...”

“यंत्राचं सांगा.”

“यंत्राचंच तर सांगतोय!”

हसू दाबत तिने कार्ब्युरेटर उघडला. आत पेट्रोल गाळणारी नखाएवढी जाळी. तिच्यावर पुन्हा गुलाबी साय! कारण तिला पहिल्याच दिवशी कळले होते. साहिल पेट्रोल रंगाच्या रिकाम्या डब्यात ठेवी. वाळलेला रंग सुटून जाळीत अडके. एक वाक्य पुरले असते. तिने मात्र दर वेळी जाळी तेवढी धुऊन दिली होती – आणि बसची वाट पाहिली होती.

पण आज सायलेन्सर काढून आत पाहिले, तर पिस्टनवर बारीक ओरखडे. पेट्रोल अपुरे पडून इंजिन आतून होरपळत होते. सांगावे, तर साहिल येणार नाही. न सांगावे, तर यंत्र जाईल.

तिने कोपऱ्यातला नवा कॅन त्याच्यापुढे ठेवला.

“पेट्रोल यात ठेवा. रंगाच्या डब्यात नको... मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. सांगितलं नाही.” तिने मान खाली घातली. “आता पुन्हा यावं लागणार नाही.”

साहिलच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

“लहानपणापासून रंग कालवतोय गो मी. गुलाबी झालेलं पेट्रोल मला दिसत नाय व्हय?”

“म्हणजे –”

“पहिल्यांदा खरंच चुकलो. नंतर... डबा बदललाच नाय.”

“अहो, यंत्राचा जीव गेला असता!”

“माझा तरी कुठं जाग्यावर होता?” तो हसला, मग हळूच म्हणाला, “आज मोठ्या मूर्तीची आखणी हाय. बघायला येशील?”

भाविकाने जाळी धुऊन बसवली, सायलेन्सर जोडला, स्क्रू आवळले, दोरी ओढली, चोक काढला. इंजिन एका सुरात चालत राहिले. ते बंद करून तिने हात साबणाने दोनदा धुतले आणि शटर खाली ओढले.

जोह्याची बस लागली होती. ती आधी चढली, खिडकीशी बसली आणि साहिल यंत्र घेऊन वर येईपर्यंत शेजारच्या जागेवर तिने नवा कॅन ठेवून दिला.