चंद्राला अधिक महिना कळत नाही

ग्रहण कधी लागणार हे माणसाला दोन-अडीच हजार वर्षांपासून सांगता येतं. चौदा वर्षांच्या मुलीला पुढची पाळी कधी येणार, हे मात्र कुणालाच सांगता येत नव्हतं. मानवी ज्ञानातली ही लाजिरवाणी पोकळी अखेर मिरजेच्या ऋतुविज्ञान प्रयोगशाळेत भरून निघाली. सोमवारी सकाळी ती भरली, आणि गुरुवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीपर्यंत भरलेलीच होती.

या वयात पाळी कुणाचंच ऐकत नाही. "मेंदू आणि अंडाशय यांची ओळख नवी असते," असं डॉ. हेमांगी शेवडे पालकसभेत समजावून सांगत. "मेंदू निरोप धाडतो, अंडाशय कधी ऐकतं, कधी नाही. एखाद्या महिन्यात बीज सुटतच नाही. मग पाळी कधी बावीस दिवसांनी, कधी चव्वेचाळीस. दोन-तीन वर्षांत त्यांचं जमतं." हेमांगीबाई संप्रेरकांच्या तज्ज्ञ, आणि घरी चौदा वर्षांची ईरा, त्यामुळे न ऐकण्याचा त्यांचा अभ्यास दुहेरी होता.

शहरातल्या ४१२ मुलींच्या दंडावर गेली तीन वर्षं 'ऋतुपट्टी' होती. टिकलीच्या पाकिटाएवढी ही चिकटपट्टी चोवीस तास शरीराचं तापमान मोजत असे. बीज सुटलं की तापमान अंशाच्या तिसऱ्या हिश्शाएवढं चढतं, पाळी आली की उतरतं. हे चढ-उतार प्रयोगशाळेतल्या 'भाकितयंत्रा'ला भरवले जात. तीन वर्षं यंत्राने नुसतं खाल्लं. सोमवारी ते बोललं: २८१ मुलींचं तापमान वर्षातून एकदा, एकाच वेळी चढतं, आठ-नऊ दिवस तसंच राहतं, आणि उतरल्यावर दोन-तीन दिवसांत सगळ्यांना पाळी येते.

यंत्राने या २८१ जणींना 'समन्वित' ठरवून हिरव्या यादीत घातलं. उरलेल्या १३१ लाल यादीत गेल्या. लाल यादीवर इलाजही तयार होता: काडीपेटीतल्या काडीएवढी 'नियामक कांडी' दंडात बसवायची, म्हणजे ती तीन वर्षं संप्रेरक सोडत राहते आणि शरीराला वेळ पाळायला लावते. पहिली कांडी शुक्रवारी, कादंबरी गुरव, इयत्ता नववी, हिच्या दंडात जायची होती. कागदावर फक्त हेमांगीबाईंची सही बाकी होती.

संचालक डॉ. टिपणीसांनी या शोधाचं बारसंही उरकलं होतं: 'चांद्र ऋतुसमन्वय'. त्यातला चंद्र तपासायला त्यांनी गुरुवारी सकाळी खगोलशास्त्रज्ञ डॉ. नसरीन मुजावर यांना बोलावलं आणि पडद्यावर आलेख टाकला.

"हे बघा. तिन्ही वर्षी शिखर आलं तेव्हा आकाशात चंद्र अर्धा, वाढता. पहिल्यापेक्षा दुसऱ्या वर्षी ते अकरा दिवस अलीकडे. बारा चांद्रमास म्हणजे अकरा दिवस कमीच की!"

"आणि तिसऱ्या वर्षी?" नसरीनने विचारलं.

"एकोणीस दिवस उशिरा. तो अपवाद."

"अपवाद नाही, सर. त्या वर्षी अधिक महिना होता."

"वा! म्हणजे तेही बसलं."

"तेही बसलं, म्हणूनच चंद्र सुटला," नसरीन म्हणाली. "आमचा रमजान निव्वळ चंद्रावर चालतो. म्हणून तो कधी उन्हाळ्यात येतो, कधी थंडीत. चंद्राला अधिक महिना कळत नाही हो. त्याला सगळ्या अष्टम्या सारख्या. यातली कुठली धरायची आणि कुठली सोडायची, हे फक्त पंचांगाला कळतं."

"मग काय मुलींची शरीरं पंचांग बघतात?"

"शरीरं नसतील बघत," नसरीन म्हणाली. "आणि सर, लाल यादी एकदा मोठ्याने वाचा. बागवान, पठाण, दोन डिसोझा, अख्खं भीमनगर. तिसऱ्या नंबरावर माझी झोया आहे."

"आहाराचा परिणाम असू शकतो," टिपणीस म्हणाले, आणि त्यांनी ते टिपूनही घेतलं.

"आणि ही गुरवांची?"

"ती अभ्यासाची केस."

अभ्यासाची केस बारा वाजता बापाबरोबर हेमांगीबाईंच्या खोलीत आली. विलास गुरव सतारीच्या कारखान्यात तारा चढवायचं काम करत. ते खुर्चीच्या अगदी काठावर बसले. या विषयावर ते आयुष्यात पहिल्यांदा बोलणार होते, आणि तेसुद्धा सतारीच्या आडून.

"मॅडम, नव्या सतारीला तारा चढवल्या की सुरुवातीला रोज उतरतात बघा. आम्ही गिऱ्हाइकाला सांगतो, लावत राहा, बसतील. पक्कडीने धरून ठेवा असं नाही सांगत कुणी."

"बाबा, सतार नको ना आता," कादंबरी पुटपुटली. मग हेमांगीबाईंकडे वळून म्हणाली, "मला नकोय ती कांडी. मला काही झालेलंच नाही."

पालकसभेत आपणही हेच सांगतो, फक्त जास्त वेळ घेऊन, हे हेमांगीबाईंच्या लक्षात आलं. त्यांनी मुलीची नोंद उघडली. सगळ्यांची शिखरं होती त्याच दिवसांत हिला चक्क पाळी आलेली. यंत्र तारखा देत नसे, प्रयोगाच्या सुरुवातीपासूनचे नुसते दिवस मोजत असे. त्यांनी बोटांवर हिशेब करून भिंतीवरची दिनदर्शिका पाहिली. मग पुन्हा पाहिली.

"गेल्या वर्षी गौरीच्या दिवशी तुला पाळी आली होती?"

कादंबरीने बापाकडे एक नजर टाकली. "हो."

"मग?"

"मग काय? आई गेल्यापासून गौरीला साडी मीच नेसवते. बाबांना निऱ्या जमत नाहीत."

विलासराव स्वतःच्या चपलांकडे बघत राहिले. "मला ठाऊक नव्हतं, मॅडम. शेजारच्या काकू विचारत होत्या, पोरीला गोळ्या दिल्यास का म्हणून. मला वाटलं, तापाच्या. हिची आई असती तर दिल्या असत्या. मला कुणी सांगितलंच नाही."

पाळी लांबवायची गोळी म्हणजे संप्रेरकच. ती घेत राहिलं तोवर तापमान चढलेलं राहतं. बंद केली की दोन-तीन दिवसांत पाळी. हे हेमांगीबाई गेली वीस वर्षं विद्यार्थ्यांना शिकवत होत्या. पाळी नियमित असती तर ज्या मुलीची तारीख गौरीत पडते तिलाच गोळी दिली गेली असती. पण अनियमित पाळीचा नेम काय? म्हणून प्रत्येक आईने खबरदारी घेतली. अनियमितपणामुळेच इतकी शिस्त आली होती.

बाप-लेकीला बाहेर बसवून त्यांनी पालकांचे अर्ज उघडले. प्रश्न चौथा: 'मुलगी कोणतंही औषध घेते का?' २८१ आयांनी लिहिलं होतं, 'नाही'. शिकलेल्या बायका, आणि सरळ खोटं! हेमांगीबाईंचा संताप यादीतल्या 'शे'पर्यंत टिकला. ईरा शेवडे: नाही. खाली त्यांचीच सही, पदव्यांसकट.

आणि त्यांनी खोटं लिहिलं नव्हतं. घरी ते पाकीट औषधांच्या डब्यात कधी नसेच. ते गौरीच्या मुखवट्यांच्या डब्यात, कापूर आणि कापसाच्या वस्त्रांशेजारी असे. मळमळतंय, असं ईरा दर वर्षी म्हणायची. "चारच दिवस गं," असं त्या दर वर्षी म्हणायच्या. दिवस नऊ होते. आलेखात स्पष्ट दिसत होते.

त्यांनी कांडीचा कागद सही न करता खणात टाकला आणि हिरव्या यादीतल्या पालकांना एका ओळीचा निरोप पाठवला: 'गौरीच्या वेळी मुलीला गोळ्या देता का?' दोन तासांत २७४ उत्तरं आली, 'हो'. सहा जणींनी विचारलं, यंदा संस्थेतर्फे मिळणार का. उरलेलं एक उत्तर त्यांनी स्वतः भरलं.

"म्हणजे हिरवी यादी..." टिपणीस म्हणाले.

"हिरवी यादी औषधावर आहे, सर. निरोगी आहे ती लाल."

"आणि चंद्र?"

"तो आहे तिथेच आहे," नसरीन म्हणाली.

संध्याकाळी यंत्राला गोळ्यांच्या नोंदी वगळून फक्त लाल यादी भरवली. कादंबरीबद्दल त्याने विचार करायला चाळीस मिनिटं घेतली आणि भाकीत छापलं: 'पुढील पाळी एकवीस ते पंचेचाळीस दिवसांत केव्हाही. सलग तीन महिने न आल्यास डॉक्टरांना दाखवावे.'

हेच वाक्य तळमजल्यावरच्या, अकरा वर्षांपूर्वीच्या भित्तिपत्रकावर होतं. त्यावर पाण्याचा फिल्टर बसवलेला होता.