तिसऱ्या पंपाची पाळी

शब्द मोजून वापरावेत आणि तारा मोजून जोडाव्यात, अशी माझी सवय आहे. म्हणून जे घडले तेवढेच सांगतो. त्याचा अर्थ मला लावता आला नाही, आणि आता लावावासाही वाटत नाही.

गेल्या माघात करडीच्या पुढे, वैनगंगेच्या काठावरील एका पंपघरात मी स्वयंचलित नियंत्रक बसवायला गेलो होतो. नदीचे पाणी मोठ्या नळाने एका खोल विहिरीत येते. विहिरीवरचे तीन पंप ते टेकडीवरच्या टाकीत चढवतात आणि तेथून चार गावांना पुरवठा होतो. विहीर पात्रात आहे, विजेचा फलक काठावरच्या खोलीत, आणि दोहोंमध्ये चाळीस पावलांचा अरुंद पूल. हे पंप साठीचा टिकाराम आजवर हाताने चालवीत असे. आता टाकी रिकामी झाली की नियंत्रकाने पंप सुरू करायचा, भरली की बंद करायचा. तिन्ही पंपांची झीज सारखी व्हावी म्हणून ज्याचे चाललेले तास सर्वांत कमी, त्याची पाळी आधी.

जुना फलक उतरवताना तिसऱ्या पंपाच्या खटक्याच्या मुठीवर एक दुपट्टा लटकलेला दिसला. पुरुष खांद्यावर टाकतात तसा, कधीकाळी लाल चौकड्यांचा असावा. धुळीने त्याचा रंग गेला होता. मी त्याने हाताचे वंगण पुसले आणि खिडकीतून तो नदीत टाकून दिला. टिकाराम चहा आणायला गेला होता.

परत आल्यावर तो मोकळ्या भिंतीकडे पाहत राहिला.

"साहेब, इथला दुपट्टा कुठं गेला जी?"

"जुनी चिंधी होती. फेकली."

त्याने चहाची किटली हळूच खाली ठेवली.

"इथला कायदा हाये साहेब. कोनी विहिरीत उतरला का आपला दुपट्टा मुठीवर टांगते. थो मानूस वर आला, त्यानंच वल्ल्या हातानं दुपट्टा काढला, तवा पंप चालू. दुसऱ्यानं हात लावाचा नाही."

"मग हा कोणाचा होता?"

"कुंदनचा. माह्या पुतण्याचा. जाळी साफ कराले उतरला. अकरा वर्सं झाली."

"आणि?"

"अजून निघाला नाही जी."

लोकांनी विहीर उपसली, नदी चार कोस धुंडाळली. काही सापडले नाही. कुंदनची आई, शेवंताबाई, गावात एकटीच राहते. टिकारामची ती थोरली वहिनी. तिला दिलेल्या शब्दाखातर त्याने तिसरा पंप पुन्हा सुरू केला नव्हता. दोन पंपांवर भागत असे. फक्त उन्हाळ्यात शेवटच्या गावाला तिसऱ्या दिवशी पाणी मिळे.

माझा जोडीदार निकेश हसला. दिघोरीचा, चाळिशीचा, तलावात पोहतच वाढलेला माणूस. "काका, ही मशीन दुपट्टे नाही पाहात. तास पाहाते. तीन नंबरचे तास कमी, त त्याचाच नंबर पहिला."

"तास त कुंदनचेही कमीच भरले होते बाबू," टिकाराम म्हणाला.

दुपारी फलक सिद्ध झाला, पण नियंत्रक विहीर कोरडी असल्याचे दाखवू लागला. पातळी मोजणाऱ्या सळ्या खाली शेवाळात गुंतल्या होत्या. त्या सोडवेपर्यंत तो पंप सुरू करणार नव्हता. तेवढ्यात वीज गेली आणि निकेशने शर्ट काढला.

"दुपट्टा टांग पहिले," टिकाराम म्हणाला.

"लाइनच नाही काका, कायले टांगू?"

टिकारामने माझ्याकडे पाहिले. मुख्य खटका खाली ओढणे हे माझे काम होते. लहान मूलही ते विसरणार नाही. तरी खटका तसाच ठेवून मी म्हणालो, "वीज नसताना फलक म्हणजे नुसते कपाट." आणि पूल ओलांडून निकेश शिडीने विहिरीत उतरला; टिकाराम आणि मी कठड्यापाशी थांबलो.

ऊन नितळ होते. पाणकावळे खडकावर पंख वाळवीत बसले होते. खालून निकेशचा आवाज आला, "सुटल्या सळ्या!" आणि नेमक्या त्याच क्षणी विहिरीच्या कठड्यावरचा दिवा लागला.

वीज आली होती. विहिरीत पाणी आहे हे नियंत्रकाला आता कळत होते. वीज परतल्यावर तो एक मिनिट थांबतो, मग पंप सुरू करतो. तिसऱ्या पंपाचे पाणी ओढणारे तोंड शिडीच्या पायथ्याशीच होते, आणि त्यावरची जाळी गंजून केव्हाच गळून पडली होती.

"निकेश, वर ये!" टिकाराम ओरडला. मी पुलावरून धावत सुटलो. चाळीस पावले एवढी लांब असतात हे मला ठाऊक नव्हते.

मी दारात पोहोचलो तेव्हा नियंत्रकाच्या पडद्यावर अक्षरे होती: पुढील पंप, तीन. त्याखाली आकडे उतरत होते. नऊ... आठ... सात...

आणि पडदा विझला.

खोलीतला दिवा मात्र जळत होता. आत ओल्या शेवाळाचा, नदीच्या तळाच्या गाळाचा वास भरला होता. मुख्य खटक्याची मूठ खाली ओढलेली होती आणि तिच्यावर लाल चौकड्यांचा एक दुपट्टा लटकत होता. त्याच्या टोकातून पाणी ठिबकत होते. खोलीला एकच दार होते, आणि त्यात मी उभा होतो.

निकेश वर आला तेव्हा त्याचे दात वाजत होते. त्याने शर्ट अंगात चढवला. मग टिकारामकडे न पाहता म्हणाला, "काका... खाली कोनी तरी माह्या खांद्यावर हात ठेवला. म्हणे... 'भाऊ, दुपट्टा काहून नाही टांगला?'"

टिकारामने विहिरीच्या दिशेने हात जोडले.

त्या संध्याकाळी मी मुख्य खटका नुसत्या बोटाने, दुपट्ट्याला न स्पर्शता, वर केला आणि तिसरा पंप पाळीतून काढून टाकला. दुपट्टा तेथेच राहिला. पुढे दर आठवड्याला मी दूरध्वनीवरून टिकारामला दोन्ही पंपांचे तास विचारी आणि शेवटी, काहीशा संकोचाने, दुपट्टा वाळला का, तेही.

"नाही जी. अजून ठिबकूनच राहिला."

माघ गेला, फाल्गुन गेला. चैत्रात, एका सकाळी, त्याचाच दूरध्वनी आला. आवाज अगदी हलका होता.

"साहेब, दुपट्टा मुठीवर नाही."

"कोणी काढला?"

"कुलूप माह्याच हातानं उघडलं जी. आत वल्ली पावलं होती. पुलावरून आलेली, अन् दारातून गावाकडं गेलेली. त्या पावलांमागं मी वहिनीच्या घरी आलो. अंगणात दोरीवर दुपट्टा वाळत घातला हाये. चुलीपाशी दोन ताटं... दोन्ही उष्टी."

"वहिनी काय म्हणतात?"

"म्हणते, भाऊजी, हळू बोला. पोरगं आताच जेवून झोपलं."

आतल्या खोलीत त्याने डोकावून पाहिले का, हे मी विचारले नाही. त्यानेही सांगितले नाही. खेड्यातली सकाळ इतकी निःशब्द होती की त्या दोरीवरून मातीत पडणारा थेंब मला येथे ऐकू येत होता.

"साहेब," टिकाराम कुजबुजला, "कायदा त कायदाच हाये. ज्याचा दुपट्टा, त्यानंच काढला. मंग... तीन नंबर चालू करू का जी?"