चार वाजताचा मिस कॉल

नव्या नंबरातून आपल्याला काय मिळणार, याचा हिशेब अपोंदीनं ओग्वेनोच्या मोबाइलच्या दुकानाच्या पायरीवर उभ्याउभ्याच केला होता. शेवटी तीन चौके. प्यायलेल्या माणसालाही पाठ होईल असा नंबर आणि रडणाऱ्यालाही. तळ्याकाठच्या म्बिता गावात मांडव आणि प्लॅस्टिकच्या खुर्च्या भाड्यानं देणाऱ्या बाईला गिऱ्हाईक लागतं ते याच दोन जातींचं.

"असला नंबर इतक्या स्वस्तात कसा रे देतोस?"

"वापरलेला आहे, मावशी," ओग्वेनो म्हणाला. "आधीच्या बाईनं वर्षभर पैसे भरले नाहीत, तो परत आला. भांडं जुनंच, घासून दिलंय."

अपोंदीनं घरी येऊन दोनशे चाळीस खुर्च्यांच्या पाठींवर तांबड्या रंगात तो नंबर रंगवून घेतला. आता नंबर बदलायचा म्हणजे खुर्च्या बदलायच्या.

तिसऱ्या दिवसापासून चुकीचे फोन येऊ लागले. सगळ्यांना डॉर्सिला हवी होती. एका बाईला तिच्याकडून उबवायला अंडी हवी होती, एकाला कोंबडा, चर्चच्या गाणाऱ्या बायकांना तिचा आवाज. दुसरी कुणी असती तर वैतागली असती. अपोंदीनं एक वाक्य बसवलं आणि ते ती विक्रेत्याच्या गोडव्यानं म्हणू लागली: "डॉर्सिला इथं नाही. नंबर आता माझा आहे. खुर्च्या लागतात का?"

आणि लागायच्या. दोन महिन्यांत चुकीच्या फोनांनी तिला एक बारसं, दोन लग्नं आणि तीन दिवस चाललेली एक मयत मिळवून दिली. बोलता बोलता तिला एवढंच कळलं, की डॉर्सिला मिगोरीकडची, कोंबड्या पाळायची, आणि वर्षापूर्वी वारली होती. फोन करणारे ते, ज्यांच्यापर्यंत बातमी पोचली नव्हती.

"आयत्या बिळावर नागोबा," तिची चुलतसासू युनिया म्हणायची. ऐंशीची म्हातारी, दात दोन, पण दोन्ही धारदार.

"बीळ रिकामंच होतं, काकी."

"विचारलंस का आत कुणी आहे का म्हणून?"

शिवाय दर शनिवारी कुणीतरी या नंबरावर वीस शिलिंगांचा टॉकटाइम टाकायचं. कोण, हे अपोंदीनं विचारलं नाही. विचारणाऱ्याला परत करावं लागतं.

उरला चार वाजताचा मिस कॉल. रोज दुपारी चारला, एका अनोळखी नंबरावरून, एकच रिंग, मग बंद. त्याचा अर्थ म्बितात शेंबड्या पोरालाही कळतो: माझ्याकडे पैसे नाहीत, तुझ्याकडे आहेत, तू फोन कर. बायको नवऱ्याला देते, म्हातारी आई लेकाला. अपोंदीच्या लेखी तिला असा हक्कानं मिस कॉल देणारं जगात एकच होतं, नाकुरूला ट्रक चालवणारा तिचा मुलगा, आणि त्यालासुद्धा ती तिसऱ्या मिस कॉलनंतरच उलटा फोन करायची. या अनोळखी माणसाला तिनं एकदाही उलटा फोन केला नाही.

मग घरात नात आली.

पहिले चार दिवस ती रडली तेव्हा कुणाला काही वाटलं नाही. मेलेल्यांपैकी कुणाला तरी आपलं नाव बाळाला दिलेलं हवं असतं; बरोबर नाव पुकारलं की मूल गप्प होतं. युनियानं बाळाला मांडीवर घेतलं आणि एकेक नाव घ्यायला सुरुवात केली. अपोंदीची सासू. अपोंदीची आई. सुनेच्या माहेरच्या, आसेम्बोकडच्या दोन आज्या, तळ्यात बुडालेली एक आत्या. बाळ रडतच राहिलं. नवव्या दिवशी म्हातारीकडची नावं संपली.

"कुणीतरी दारात उभं आहे," ती म्हणाली. "आपल्याला ओळख लागत नाहीये."

बाळ अंगावरचं दूध ओढेना. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी तपासलं, वजन केलं, काटा पुन्हा पाहिला. काही सापडत नाही म्हणाल्या. उद्यापर्यंत पोटात दूध गेलं नाही तर होमा बेच्या मोठ्या इस्पितळात न्या.

"आई," सून म्हणाली. तिला सगळे आसेम्बोकरीणच म्हणत. "एक बोलू? हसायचं नाही."

"हसायला कुणाला वेळ आहे इथं?"

"ती चारला गप्प होते. तुमचा फोन वाजतो ना, तेव्हा."

अपोंदी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी नव्हती. पण हिशेब ताडून बघणारी होती. त्या दिवशी तीन वाजता तिनं सुनेच्या फोनवरून स्वतःलाच फोन लावला. रिंग वाजली, बाळ रडतच होतं. मग तिनं आपल्या फोनचा आवाज पूर्ण बंद केला, तो नेऊन खुर्च्यांच्या कोठीत ताडपत्रीखाली ठेवला, बाहेरून कुलूप घातलं आणि घरात येऊन घड्याळासमोर बसली.

चार वाजले. बाळ मध्येच थांबलं. त्यानं मान कोठीच्या दिशेनं वळवली. बाहेर कोंबडी माती उकरत होती, तेवढाच आवाज.

मग ते पुन्हा रडायला लागलं, पण आता रडण्यात जोर नव्हता.

अपोंदीनं कोठी उघडली. फोनवर एक मिस कॉल होता. चार वाजताचा.

ती फोन घेऊन आत आली. "किती शिलिंग जातील ते जाऊ देत," ती कुणालाच उद्देशून न म्हणता म्हणाली, आणि उलटा फोन लावला. आवाज मोठा ठेवला, सगळ्यांना ऐकू यावा म्हणून.

दोन रिंगा. कुणीतरी उचलला.

पलीकडे कुणी बोलत नव्हतं. श्वास ऐकू येत होता, चढण चढून आलेल्या म्हाताऱ्या माणसाचा असतो तसा.

"कोण बोलतंय?"

श्वास.

"कोण हवंय तुम्हाला?"

दोन महिन्यांची सवय जिभेवर होती, तीच बाहेर आली:

"डॉर्सिला इथं नाही."

बाळ गप्प झालं.

युनियानं हळूच मान वर केली. आसेम्बोकरणीनं बाळाला छातीशी धरलं. शांततेत दूध ओढल्याचा आवाज आला, एक घोट, मग दुसरा.

"आहे की," फोनमधली म्हातारी म्हणाली. समाधानानं. आणि फोन ठेवला.

बाळाचं नाव डॉर्सिला ठेवलं. परक्या घराण्यातलं नाव. पण दूध पिणाऱ्या पोराशी कोण वाद घालणार? अपोंदीनं शिल्लक पाहिली. एक सेंटही कमी झाला नव्हता. तेव्हा मात्र तिला राहवेना. नावाचा मान म्हणून मूळ माणसाच्या घरी कळवावं लागतं. तिनं शनिवारच्या वीस शिलिंगांचा नंबर शोधला आणि पहिल्यांदाच तो लावला.

ती डॉर्सिलाची मुलगी निघाली, पेरेस. पुढच्या सोमवारी मिगोरीहून बसनं आली, काखेत पांढरी कोंबडी घेऊन.

"आई रोज चारला मिस कॉल द्यायची," ती चहा पिताना म्हणाली. "मी उलटा फोन करायची. तिनं आयुष्यात बोलण्यावर पैसा घातला नाही. शेवटच्या दिवशी मी बाजारात होते. म्हटलं, घरी जाऊन करीन." तिनं कप खाली ठेवला. "वर्षानं सहज लावून पाहिला, तर नंबर वाजला. तुम्ही मला खुर्च्या लागतात का म्हणून विचारलंत. मी ठेवून दिला. पण नंबर जिवंत आहे म्हटल्यावर हाताला राहवेना. ती असताना टाकायचे तसे वीस टाकत राहिले."

"आणि ही खात राहिली," युनिया म्हणाली.

पेरेसनं बाळाला उचललं. "आई," ती त्याला म्हणाली, "मला उशीर झाला." बाळानं तिचं बोट धरलं. खूप दिवसांनी त्या घरात सगळे एकदम हसले.

निघताना पेरेस म्हणाली, "तुम्ही पैसे परत करायला नको होते हो."

"कसले पैसे?"

"शनिवारी एकदम एकशे ऐंशी आले. नऊ शनिवारांचे."

"मी?" अपोंदी म्हणाली. "मी मेलेल्या नवऱ्याचेसुद्धा उसने परत केलेले नाहीत."

पेरेसनं फोन पुढे धरला. पैसे पाठवणारा नंबर अपोंदीला तोंडपाठ होता. दोन महिने रोज चारला तिनं तो पाहिला होता.

पेरेसला बसमध्ये बसवून ती तशीच ओग्वेनोकडे गेली. त्यानं नंबर घातला, पडद्याकडे पाहिलं, पुन्हा घातला.

"हा कुणाचाच नाही, मावशी. अजून विकलाच नाही." त्यानं खण उघडला, सिम कार्डांच्या गठ्ठ्यातून एक पाकीट काढलं. "हे बघा. या नंबराचं सिम माझ्याकडेच आहे. सीलसुद्धा तोडलेलं नाही."

अपोंदीनं मनातल्या मनात हिशेब मांडला. तिचे स्वतःचे शून्य गेले. पेरेसचे सगळे परत आले. ओग्वेनोचं काही गेलं नाही. एकशे ऐंशी शिलिंग आणि तो एक फोन, सगळं या पाकिटानं भरलं होतं.

तिनं ते हातात घेतलं. सील शाबूत होतं. फक्त पाकीट कोमट लागत होतं, बराच वेळ बोलून नुकत्याच खाली ठेवलेल्या फोनसारखं.