सतरा नंबरची कॉलर

विभाला त्या हरणीचा जीव नको होता, तिच्या गळ्यातली कॉलर हवी होती. पण एक घेतल्याशिवाय दुसरी मिळणार नव्हती आणि त्यासाठी हातात उरला होता फक्त एक दिवस!

गोष्ट होक्काइदोची, हिदाकाच्या डोंगरांतली, नोव्हेंबरच्या अखेरची. विभा साप्पोरोत डॉक्टरेट करत होती. हिवाळ्यात हरणं कुठे जातात, कोणतं जंगल ओरबाडतात, हा तिचा विषय. दोन वर्षांपूर्वी तिने एका मादीला भूल देऊन तिच्या गळ्यात कॉलर बांधली. नंबर सतरा. बाईसाहेब दर तासाला कुठे असतात, याची नोंद कॉलरच्या पोटात साठत राहिली. बाकीच्या सोळा हरणांच्या नोंदी काही महिन्यांच्याच होत्या, सलग दोन वर्षांची फक्त हिची. ठरल्या तारखेला कॉलरने आपोआप सुटून पडायचं होतं. नाही पडली! यंत्रच ते, ऐन वेळी दगा देणारच. भुलीचं इंजेक्शन घेऊन विभा सहा वेळा गेली, पण सतरा नंबर आता शहाणी झाली होती, जवळ येऊच देत नव्हती. शेवटी प्रोफेसरांनी शिकारीची परवानगी काढली. तिकडे हरणं इतकी वाढली आहेत की एका मादीसाठी कुणी हळहळत नाही. विभा हळहळली, दोन रात्री नीट जेवली नाही, आणि मग तयारीला लागली. करणार काय? दोन वर्षांचं काम त्या चार बोटं रुंद पट्ट्यात अडकलेलं, शिष्यवृत्ती मार्चमध्ये संपणार, आणि आज चार वाजता जंगलाच्या रस्त्याचं फाटक बंद झालं की ते थेट एप्रिलअखेरीस उघडणार. तोवर कॉलरची बॅटरी संपलेली असणार. मग बसा डोंगर हुंगत!

बंदूक होती नंदूकाकांची. नंदकिशोर राजाध्यक्ष, वय एकसष्ट, विभाच्या बाबांचे कॉलेजातले मित्र, कोबेत मोत्यांच्या व्यापारात तीस वर्षं काढलेले गृहस्थ. घरी रेखाकाकू कट्टर शाकाहारी. "शिकार करायची तर करा, माझ्या फ्रीजला हात लावायचा नाही," एवढीच त्यांची अट. दहा वर्षं शॉटगन नीट सांभाळल्यावर काकांना रायफलचा परवाना मिळाला, तेव्हा सगळ्यांनी सांगितलं की एकदम चार-पाच गोळ्या भरता येतील अशी घ्या. काकांनी घेतली ठासणीची!

ठासणीची म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे संग्रहालयातली गंजकी नळी आली असेल, तर ती पुसून टाका. ही अगदी आजची. न गंजणारं पोलाद, वर दुर्बीण, खांद्याला रबरी गादी. फक्त भरायची रीत तेवढी जुनी. नळीच्या तोंडातून आधी दारू, मग गोळी, मग गजाने ठासायचं आणि शेवटी मागे ठिणगी पाडणारी छोटी टोपी लावायची. काकांनी ही निवडायला दोन वर्षं घेतली, लोक मुलीला स्थळ बघतात तशी. मागची बाजू पूर्ण बंद हवी, म्हणजे टोपीपाशी बर्फ शिरणार नाही. मागचा पेच नुसत्या हाताने निघायला हवा, म्हणजे गोठलेल्या बोटांनी पाने शोधत बसायला नको. होक्काइदोत शिशाची गोळी चालत नाही, म्हणून तांब्याची. मग कोणत्या गोळीला किती दारू मानवते, हे ठरवायला चांदमारीच्या मैदानावर चार महिने! शंभर मीटरवर गोळ्या बशीएवढ्या जागेत पडायला लागल्या, तेव्हा काकांनी स्वतःला मर्यादा घातली ऐंशीची.

"पण काका, एकच गोळी, आणि ती चुकली तर?" वर चढता चढता विभाने विचारलं.

"तर हरीण घरी जातं आणि आपणही घरी जातो." काका थांबून धापा टाकू लागले. "अगं, पाच गोळ्या असल्या की माणूस पहिल्या गोळीला विचारच करत नाही. मी स्वतःला ओळखतो ना, म्हणून ही घेतली. आणि ऐक, मी भरत असेन तेव्हा तोंड बंद. एक अक्षर नाही."

"बाबा म्हणतात, मी झोपेतसुद्धा बोलते."

"झोपेत बोल. भरताना नाही."

फाटकावरच्या सुगावारा-सानने सकाळीच बजावलं होतं. हा म्हातारा गावातला मुरलेला शिकारी, वनखात्याचं फाटकही तोच सांभाळायचा. "चारच्या आत खाली या. सूर्य बुडाल्यावर गोळी झाडली तर परवाना गेलाच म्हणून समजा. आणि अस्वलं अजून झोपलेली नाहीत. इथली तर आता फार हुशार झालीत. बंदूक वाजली की त्यांना कळतं, जेवण तयार आहे!"

विभाला चैन पडत नव्हतं. एका हातात अँटेना, एका कानात हेडफोन, आणि दर पाच मिनिटांनी घड्याळ. टिक्, टिक्, टिक्. सतरा नंबर कुठेतरी वर होती, पण आवाज कड्यांवर आपटून भलतीकडूनच यायचा. नदी ओलांडताना बर्फाचा पापुद्रा फुटला आणि विभाचा बूट घोट्यापर्यंत पाण्यात गेला. मोजा पिळायलाही ती थांबायला तयार नव्हती. काकांनी दम देऊन बसवलं, कोरडा मोजा घालायला लावला, रेखाकाकूंनी दिलेल्या तिखटमिठाच्या पुऱ्या पुढे केल्या. तिने उभ्याउभ्याच दोन पुऱ्या कोंबल्या. अकरा वाजता ते ज्या सोंडेवर चढले ती चुकीची निघाली. तासभर चढलेलं सगळं उतरायचं! त्यात बर्फ पडायला लागला. बारीक, तिरका, डोळ्यांत जाणारा.

बाराला दहा मिनिटं असताना टिकटिक एकदम मोठी झाली.

काका गुडघ्यावर बसले. खाली उतारावर, बर्च झाडांच्या मधे, चार माद्या साल सोलत होत्या. तिसरीच्या गळ्यात केशरी पट्टा! विभाने अंतर मोजायच्या यंत्रातून पाहिलं आणि बोटांनी खूण केली. सत्तर. काकांनी दस्ता खांद्याला लावला. श्वास सोडला. सतरा नंबर कूस दाखवत आडवी उभी राहिली. काकांनी चाप ओढला.

धडाड्! पांढऱ्या धुराचा लोट उठला आणि पुढचं सगळं दिसेनासं झालं. धूर विरला तेव्हा तिघी पळत होत्या आणि सतरा नंबर लंगडत, खाली मान घालून, ओढ्याच्या घळीत उतरत होती.

"लागली! काका, लागली!"

"भरू दे आधी."

काकांनी नळीतून ओली चिंधी फिरवली, मग कोरडी. दारू मोजून भरलेली प्लॅस्टिकची कुपी खिशातून काढली, पण बोटं लाकूड झालेली, झाकण निघेना. "हे उघड जरा," म्हणून त्यांनी ती विभाच्या हातात दिली. परवाना नसलेल्याच्या हातात दारू द्यायचीच नसते, हे काकांना पुरतं ठाऊक होतं. पण दिली.

आणि विभाची टकळी सुरू झाली! "काका, थांबली! आवाज हलत नाहीये! घळीतच पडलीये ती, नक्की! काका, माग बुजतोय हो, बर्फ वाढलाय. सुगावारा-सान फाटक लावून घेईल. चला ना, चला!" काकांनी मान वर करून घळीकडे पाहिलं. मग गोळी नळीच्या तोंडाशी बसवली, गजाने खाली ठासली, गज काढून ठेवला, मागे टोपी लावली.

"चल," ते म्हणाले.

घळीत उतरणं सोपं नव्हतं. होक्काइदोच्या उतारांवर सासा माजलेला असतो, म्हणजे छातीइतका उंच, बारीक बांबू. बर्फाने तो खालच्या दिशेला झोपतो आणि त्यावर पाय ठेवला की माणूस सरळ घसरगुंडीवर! काका दोनदा आपटले. टिकटिक कधी डावीकडून, कधी उजवीकडून. एका फाट्याला अर्धा तास फुकट गेला. दोन वाजायला आले आणि विभाचं रडू आता फुटायच्या बेतात होतं. तेवढ्यात रक्ताचे थेंब सापडले. थेंबांपुढे खोलगट जागा, हरीण पडल्याची. आणि त्यापुढे रुंद, गुळगुळीत फरपट.

"ओढत नेलंय," काका हळूच म्हणाले.

फरपट एका मोकळ्या जागेत संपली. तिथे कमरेइतका ढीग होता, उपटलेला सासा, काळी माती, बर्फ, मुळं. ढिगातून हरणीची मान बाहेर आलेली. मानेवर केशरी कॉलर!

"अस्वलाने पुरून ठेवलंय. पुरलं की ते लांब जात नाही."

"तीस पावलं आहेत, काका. पट्टा कापायला दहा सेकंद." विभा कुजबुजली. अस्वलावर मारायचा तिखटाचा फवारा तिच्या कमरेला होता, पण वारा समोरून तोंडावर येत होता. मारला असता तर दोघांच्याच डोळ्यांत गेला असता.

परत फिरायला हवं होतं. दोघांनाही ते कळत होतं. पण काकांनी पोरीचा चेहरा पाहिला आणि माया आडवी आली. "बंदूक भरलेली आहे. मी इथून नजर ठेवतो. पळायचं नाही. चालत जा, काप, चालत ये."

विभा निघाली. पाच पावलं. आठ. सगळं शांत. बारा. चाकू काढायला तिने जाकिटाच्या खिशात हात घातला. चाकू नव्हता. दुसऱ्या खिशात घातला. बोटांना काहीतरी गुळगुळीत लागलं.

कुपी!

तिने खिशातल्या खिशात ती हलवली. खुळखुळली. भरलेली होती, झाकणही तसंच बंद होतं. दारू इथे, तिच्या खिशात. मागच्या बंदुकीत नुसतीच गोळी!

विभाचे पाय जमिनीला चिकटले. ओरडावं तरी पंचाईत, गप्प राहावं तरी पंचाईत. मागे काका त्या रिकाम्या बंदुकीवर विसंबून उभे. आणि त्याच क्षणी ढिगापलीकडचा सासा हलला.

हुफ्!

भलंमोठं तपकिरी डोकं वर आलं. नाकपुड्या फुलल्या. विभाने डोळे खाली केले. एक पाऊल मागे. आणखी एक. वळायचं नाही. पळायचं नाही. आई गं! आणखी एक. अस्वल ढिगाच्या बाजूने पुढे आलं, पुढचे पंजे आपटले, दातांचा कडकड आवाज केला. विभाची पाठ काकांच्या खांद्याला टेकली.

"बाजूला हो," काका पुटपुटले. बंदूक खांद्याला होती.

"काका, बंदुकीत दारू नाही." तिने कुपी त्यांच्या हाताला लावली. "ही बघा."

अस्वल सुटलं! तीस पावलांची पंधरा झाली, पंधराची दहा. बर्फ उडाला. विभाने काकांच्या सॅकचा पट्टा गच्च धरला. दोघंही जागची हलली नाहीत. आठ पावलांवर अस्वल थबकलं, एकदा जोरात फुत्कारलं, दोघांकडे रोखून पाहत राहिलं आणि मग वळून ढिगापाशी गेलं. पुढचे दोन्ही पाय त्याने हरणीवर ठेवले.

"मागे," काका म्हणाले. "हळू."

नदीपर्यंत दोघं सारखी मागे बघत आली. मोकळ्यावर आल्यावर काका एका ओंडक्यावर बसले. त्यांनी मागचा पेच फिरवून काढला, गजाने गोळी ढकलून बाहेर पाडली, नळीतून आरपार पाहिलं. नळीत दारूचा कणसुद्धा नव्हता.

"तुला पुढे पाठवलं मी," ते म्हणाले. "या लोखंडी काठीच्या भरवशावर. तुझ्या बापाला काय तोंड दाखवलं असतं?"

"बडबड माझीच चालली होती, काका."

"तुझी बडबड जन्माची आहे गं. गजावर लाल खूण आहे. दारू नसली की गज बोटभर जास्त आत जातो, खूण दिसत नाही. दहा सेकंदांचं काम. दर वेळी बघतो, आज नाही बघितली." त्यांनी डोळे पुसले, त्यात लाजण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलं नाही.

विभाने घड्याळ पाहिलं. पावणेतीन. मन अजून घळीतच घुटमळत होतं. "आता नीट भरली तर?"

"तर एक गोळी. हरणासाठी निवडलेली. चवताळलेल्या अस्वलापुढे मी ती घेऊन उभा राहणार नाही. उठ."

फाटकाशी पोचायला पावणेचार झाले. सुगावारा-सान गाडीचं इंजिन चालू ठेवून बसला होता. काकांनी काही न लपवता सगळं सांगितलं, कुपीसकट. म्हातारा डोकं खाजवत ऐकत राहिला. मग तो विभाकडे वळला.

"हे बघ, ऑफिसला मी फोन करतो. फाटक उद्या दुपारी लावू. गावातून पाच बंदुका आणतो, सगळे जुनेजाणते. अस्वल ढीग सोडणार नाही, म्हणजे मारायचं तर शोधायलाही नको. सकाळी नऊ वाजता कॉलर तुझ्या हातात."

नऊ वाजता! दोन वर्षं, सतरा हजार नोंदी, मार्च, सगळं पुन्हा जागच्या जागी. 'हो' अगदी ओठांवर आलं होतं. पण डोळ्यांपुढे ते दोन पाय येत होते, हरणीवर ठेवलेले. आठ पावलांवर त्याने दोघांना सोडलं होतं. गावात ते कधी आलं नव्हतं. गोळी आपण झाडली, पान आपण वाढलं, आणि ते येऊन बसलं. भरल्या ताटावरून कुणाला उठवू नये, हे लहानपणापासून कानांवर पडलेलं. कुत्र्यालासुद्धा उठवत नाहीत.

"विभा, नीट विचार कर," काका मराठीत म्हणाले. "दोन वर्षं आहेत तुझी."

"आहेतच, काका. मला रडू येतंय." आणि ती खरंच रडली, भर रस्त्यात, नाक ओढत. प्रोफेसरांकडे सहा महिने मागायचे, शिष्यवृत्ती नाही म्हटल्यावर कुठेतरी अर्धवेळ काम शोधायचं, उरलेल्या सोळा हरणांवर प्रबंध पुन्हा मांडायचा. सगळं तिला तिथल्या तिथे दिसत होतं.

मग तिने हातमोज्याने तोंड पुसलं. ताटावरून उठवण्याची गोष्ट जपानीत कशी सांगावी ते तिला सुचेना. ती साधंच म्हणाली, "सुगावारा-सान, त्याचं जेवण चाललंय. राहू द्या."

"हं," म्हातारा एवढंच म्हणाला, त्याने फाटक ओढून घेतलं आणि साखळी घातली. विभाने त्याच्या हातातून कुलूप घेतलं आणि स्वतः लावलं.