नाव न घेता भरलेली ओटी

हे कुणाच्या तोंडचं ऐकलेलं नाही. माझ्या घरात घडलंय, माझ्या डोळ्यांदेखत घडलंय, आणि अर्धं तर माझ्याच हातानं घडलंय.

कुणाला खोटं वाटलं तर वाटू द्या. मी तुमच्याकडं साक्षीदार मागायला आलेली नाही.

माझं नाव प्रयागबाई. चौथी शिकले. मोबाईलमधी बोललं की तो आपसूक लिहितो, तसं लिहिलंय. ज्यांना चुका काढायच्यात त्यांनी शाळेत जाऊन पोरांच्या वह्या तपासाव्यात.

इंदापूर तालुका. वालचंदनगरच्या अलीकडं, कालव्याच्या कडंला आमची वस्ती. घराभोवती डाळिंबाची बाग. घरात आम्ही चौघं. मी, माझा मुलगा विशाल, सून प्रगती आणि नात संस्कृती, सहा वर्षांची.

दिवस गेल्या माघातला दुसरा मंगळवार. वेळ दुपारी बाराची.

रात्र नाही... भर दुपार. भुतं अंधारातच येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी खुशाल दुपारी झोपा काढाव्यात.

पण त्याच्या आधीचं सांगायला पाहिजे.

दिवाळी झाली आणि प्रगतीला त्रास सुरू झाला. आधी पाठीत. माकडहाडापासून काहीतरी गरम वर चढतंय, म्हणायची. भाकरी थापता थापता हात थांबायचे, डोळे मिटायचे, अंग असं थरथरायचं की हातातल्या बांगड्या वाजायच्या. टाळूला मुंग्या. कानात घंटेसारखा एकच सूर. झोप नाही, भूक नाही.

आणि रडणं! गाईनं मान वळवून बघितलं तरी हिच्या डोळ्याला पाणी.

"काय झालं गं?"

"काय न्हाय आत्या. समदं लई सुंदर दिसतंय."

"सुंदर दिसतंय तर हस की. मयताला आल्यासारखी काय रडतीस?"

ती हसायची. हसता हसता परत रडायची.

पोरगी बी.ए. झालेली. तिनं मोबाईलवर शोधून काढलं. त्यात एक बाई गोड आवाजात सांगायची, ही जागृती आहे, आतली शक्ती उठताना शरीर त्रास देतं, घाबरू नका, जमिनीला टेकून बसा, येईल ते येऊ द्या. प्रगती तसंच करायची. मधल्या खोलीत, दाराआड, फरशीवर पाठ टेकून बसायची. पाय गार पाण्याच्या घमेल्यात.

तासाभरात ते पाणी ऊन व्हायचं... मी स्वतः हात घालून बघितलंय.

संस्कृती तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडायची. "आजी, आईचं पोट गुणगुणतंय," म्हणायची.

बारामतीला नेली. रक्त तपासलं, डोक्याचा फोटो काढला. सगळं चांगलं निघालं. डॉक्टरीणबाई भली होती. म्हणाली, "आजी, हिला एकदा मनाच्या डॉक्टरांना दाखवा. उपचार असतात. उशीर करू नका."

मी ताडकन उठले. "आमच्या घरात येडं कुणी न्हाय."

येताना गाडीत प्रगतीनं माझा हात धरला. तळवा तव्यासारखा.

"आत्या, दाखवू या की. मला भ्या वाटतंय. कधी कधी मी माझ्या अंगाच्या भाईर हुबी असते. दार उघडंच ऱ्हातं. मी भाईर असताना दुसरं कुणी आत शिरलं तर?"

"गप बस. ड्रायव्हर ऐकतोय."

हे मी विशाललाही सांगितलं नव्हतं. आज पहिल्यांदा सांगते.

मग माझ्या डोक्यात आलं... अंगात येतंय हिच्या. देवी.

शेजारच्या मळ्यातली ठमाबाई माझी चुलत जाऊ. तिच्या अंगात वीस वर्षं वारं येतं. आणि त्या जोरावर वीस वर्षं ती माझ्यापुढं पाटावर बसते, नि मी खाली. तिच्या पाया पडायचं, तेही दात खाऊन. आता देवी माझ्या घरी आली होती. खरं सांगते, सून होरपळत होती आणि मला आनंद झाला होता.

आता रीत ऐका. नवं वारं आलं की आधी त्याला नाव विचारायचं. कोण तू, कुठल्या ठाण्याची? त्यानं आपल्या तोंडानं नाव घेतलं, की मगच ओटी भरायची. खण, नारळ, तांदूळ, हळकुंड. ओटी भरली म्हणजे घरानं त्याला आपलं मानलं. नाव घेत नसेल तर थांबायचं. आठ दिवस, महिना, वर्ष. पण बिननावाच्याची ओटी भरायची नाही. आमच्याकडं शेंबड्या पोरीला पण हे माहीत असतं.

त्या मंगळवारी पडवीत अकरा बायका जमल्या. ठमाबाईला मी मुद्दाम बोलावणं धाडलं होतं.

सकाळी प्रगती म्हणाली, "आत्या, आज नगो. आज अंग लईच हलकं झालंय."

मी माझ्या हातानं तिचे केस मोकळे सोडले आणि तिला पाटावर बसवलं.

आरती झाली. बाराच्या ठोक्याला ती घुमायला लागली. मान गरागरा. बांगड्या खळाखळा.

आणि एकदम थांबली...

बागेतली पाखरं गप्प झाली. कालव्यावर पाण्याची मोटर चालू होती. तिचासुद्धा आवाज येईना.

प्रगतीनं डोळे उघडले. पापणी हलत नव्हती.

"कोण आई तू? नाव घे," मी म्हणाले.

काही नाही.

"कुठली तू? नाव घे, मग तुझा मान करते."

काही नाही. ती बायकांकडं बघत नव्हती. माझ्याकडं पण नाही. ताटातल्या खणा-नारळाकडं बघत होती... भुकेलं माणूस बघतं तसं.

तिसऱ्यांदा विचारलं. तरी गप्प.

"प्रयागबाई," ठमाबाई म्हणाली, "तुझ्या देवीला रेंज येईना वाटतं."

बायका पदर तोंडाला लावून हसल्या.

मग ठमाबाईचं तोंड उतरलं. ती उठून माझ्याजवळ आली, बारीक आवाजात म्हणाली, "चेष्टा राहू दे. हे मला बरं दिसंना गं. ताट उचल. ओटी भरू नगंस."

मी ऐकायला पाहिजे होतं. पण माझ्या कानात ते हसणंच वाजत होतं.

"तुझी वीस वर्षं बडबडती, तिनं काय उजेड पाडला?" मी सगळ्यांदेखत म्हणाले. "नाव कशाला लागतंय? माझ्या घरात आली ती माझी."

आणि मी ओटी भरली.

नारळ पदरात पडला तसा प्रगतीच्या तोंडातून एक श्वास बाहेर गेला. लांब. संपता संपेना. माझ्या गालाला त्याची झळ लागली...

मग बराच वेळ तिनं श्वास आत घेतलाच नाही.

मग ती हसली.

"झालं ना आत्या? उठू का मी आता?"

मी तिच्या कपाळाला हात लावला. गार. पाठीला लावला. गार. रांजणासारखी.

त्या दिवसापासून त्रास बंद. थरथर नाही, रडणं नाही, रात्रभर झोप. विशालनं पेढे वाटले. बायका माझ्या पाया पडून गेल्या. मी पडू दिलं.

पण...

ती भाकरी थापायची, आणि थापण्याचा आवाज यायचा नाही. हातभर बांगड्या, पण एक वाजायची नाही. पूर्वी आमच्यासारखंच हाय-न्हाय बोलणारी पोरगी, आता पुस्तकातल्यासारखं बोलायची. शाळा सुटून लेक घरी आली तरी मान वर करायची नाही.

संस्कृती तिच्या जवळ जाईना. तिच्या हातचं खाईना. "ही न्हाय," एवढंच म्हणायची.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी पडवीत डाळ पाखडत होते. मधल्या खोलीतून आवाज आला...

रडण्याचा.

मुसमुसून. दाबून. आणि मधेमधे बांगड्यांची थरथर.

मी स्वयंपाकघरात डोकावले. प्रगती पाठमोरी, शांतपणे गवार मोडत होती.

मधल्या खोलीत गेले. दाराआड कुणी नव्हतं. पण फरशीला पाय लागला आणि मी ओरडलेच. चटका बसला. बसलेल्या बाईएवढी जागा... तेवढीच तापलेली.

आणि त्या जागेला खेटून संस्कृती बसली होती.

"आजी, आईला पाणी दे की. भाजतंय तिला."

मी घमेलं भरून ठेवलं. तासाभरात पाणी ऊन.

मग रोज दुपारी तेच.

आठव्या दिवशी मी बांध ओलांडून ठमाबाईकडं गेले. वीस वर्षांत पहिल्यांदा, न बोलावता. मला वाटलं, आता ही माझी सालटी काढणार. ती एक शब्द टोचून बोलली नाही. ह्याचंच मला जास्त भ्या वाटलं.

"भरलेली ओटी माघारी घेता येत न्हाय, प्रयाग," ती म्हणाली. "आतलीला भाईर काढणारं माणूस मला तरी ठावं न्हाय. पर भाईरचीला तोडू नगंस. घरातलं कुणी तरी तिला आपली म्हणतंय, म्हणून ती तितं बसलीय."

मी स्वयंपाकघरात गेले. ह्या प्रयागबाईनं आयुष्यात कुणापुढं पदर पसरला नव्हता. तो तिच्यापुढं पसरला.

"तू जी कोण असशील ती. माझी सून मला दे."

तिनं मला उठवलं. माझा पदर नीट केला. बोटं बर्फासारखी.

"असं काय करता आत्या? मी इथेच तर आहे."

विशालला सांगितलं, हिला बारामतीला ने, त्या मनाच्या डॉक्टरकडं. तो म्हणाला, "कशाला? ती बरी झालीया. आता तुलाच दाखवायची पाळी आलीया, आई."

दिवस गेले. मी पाणी भरत राहिले. संस्कृती त्या फरशीजवळ बसून शाळेतलं सगळं सांगायची. पण पोर खंगत चालली. हाताच्या काड्या झाल्या. माझ्या हातचे चार घास, तेवढंच.

गेल्या महिन्यात तिला ताप आला. डोळे उघडेना. तीन दिवस ती स्वयंपाकघरातली तिच्या उशाशी बसून होती, गार हात कपाळावर ठेवून. जागची हलली नाही. चौथ्या दिवशी ताप उतरला.

संस्कृतीनं तिच्या हातचा मऊ भात खाल्ला. वाटी चाटून खाल्ली.

आणि तिला "आई" म्हणाली.

पंधरा दिवसांत पोरीचे गाल भरले. मधल्या खोलीकडं ती फिरकेना. मी दुपारी एकटीच पाणी ठेवायला लागले. रडणं बारीक होत चाललं होतं.

एका दुपारी घमेलं ठेवून उठले, तर संस्कृती दारात.

"आजी, पाणी कुणासाठी गं?"

"तुला ऐकू येत न्हाय व्हय?"

"काय?"

दाराआडचं रडणं थांबलं... कुणीतरी श्वास धरून ऐकत होतं.

स्वयंपाकघरातली ती आली. आवाज न करता. संस्कृतीच्या मागं उभी राहिली, तिच्या खांद्यावर हात ठेवून.

"सांगा ना आत्या. आहे का तिथे कुणी?"

मी नातीच्या तोंडाकडं बघितलं. व्हय म्हणाले, तर ही पोर परत त्या फरशीला चिकटणार. परत खायचं सोडणार. ह्या खेपेला वाचणार नाही.

मी म्हणाले, "न्हाय बाळा. कुणी न्हाय तितं."

दाराआड बांगड्या वाजल्या. एकदाच. बसलेलं माणूस उठताना वाजतात तशा...

एक झळ माझ्या अंगावरून गेली. पडवीतून. उंबऱ्यावरून. डाळिंबाच्या ओळीत एकामागं एक फांदी हलत गेली, कालव्यापर्यंत.

आज एकवीस दिवस झाले. फरशी गार आहे. घरात कुणी रडत नाही. विशाल म्हणतो, आई पण सुधारली.

परवा ठमाबाई बांधावर येऊन सांगून गेली. कालव्याच्या पलीकडं एक वस्ती आहे. तिथं रोज दुपारी दाराची कडी वाजते. उघडलं तर कुणी नसतं. उंबऱ्यापुढची जमीन तेवढी पायाला भाजते. ते लोक आत या म्हणत नाहीत. दार लावून घेतात.

"जाऊन ये एकदा," ठमाबाई म्हणाली. "तुझीच हाय ती."

मी अजून गेलेली नाही. चप्पल घालते, बांधापर्यंत जाते, माघारी येते.

जाऊन काय सांगू तिला? घरी चल म्हणू...?

कुठल्या घरी?