अंगरख्यातल्या बारा बत्त्या

लढाईचे दिवस होते, कापड मिळता मिळत नव्हतं. हिर्डोशीच्या अंगाला असलेल्या एका वाडीत सगुणाबाई जत्रेच्या सोंगांचे कपडे शिवायची. त्या साली पुण्याला सायकलीच्या दुकानात कामाला असलेला मानसिंग गावी आला, तो बारा इवल्या बत्त्या, तार आन् बॅटरीचे सेल घेऊनच. नरसिंहाच्या सोंगाचा अंगरखा उजळायचा, असं त्याच्या मनानं घेतलं होतं.

"मावशी, नाचताना दोन उड्यांत तार तुटतीया," तो म्हणाला.

"तुटंल न्हाई तर काय! धुणं वाळत घालायच्या दोरीवानी ताणलीयास. सापासारखी वळवून घाल, कोपराशी ढील दे. वरनं मी गोधडीचा टाका घालते. बैलानं वढला तरी निघायचा न्हाई."

तार धरायला दणकट अस्तर हवं होतं. सगुणाबाईनं पेटीतनं एक काढलं. तिचा दीर सोनबा नरसिंहाचं सोंग घ्यायचा. तो आदल्या साली गेला. सोंगकरी गेला की त्याचा अंगरखा नीरा नदीत सोडायचा, ही गावाची रीत. तिनं वरचं कापड सोडलं, अस्तर मात्र उसवून ठेवलं होतं. चांगलं कापड पाण्यात घालवायला तिचा जीव झाला नव्हता.

जत्रेच्या दिवशी दिवेलागणीला तिचा एकुलता एक पोरगा ज्ञानू अंगरखा आन् मुखवटा चढवून देवळापुढं उभा राहिला. मानसिंगनं खटका दाबला. बाराच्या बारा बत्त्या लागल्या.

"ज्ञानू, आतनं भाजत न्हाई न्हवं रं?" म्हातारा चिमाजी ओरडला, आन् सगळी हसली.

हलगी वाजू लागली. ज्ञानू नाचला. थोड्या वेळानं त्याचा डावा पाय जमिनीवर घासत येऊ लागला. असा पाय वाडीत एकट्या सोनबाचा होता.

हसणं थांबलं. मग हलगीही थांबली. ज्ञानू थांबला न्हाई. नुसता पाय घासल्याचा आवाज… आन् ओल्या गाळाचा वास.

"मानसिंग, बंद कर ते!"

"मावशी…" त्यानं सेल धरलेला तळहात पुढं केला. "सेल म्या कवाच काढल्यात."

सगुणाबाई धावली. अंगरखा नदीच्या पाण्यासारखा गार लागला. तिनं टाके उसवायला घेतले, नखं लावली, दात लावले. तिचाच टाका, एक निघंना. मुखवट्याआड पोराचा श्वास घरघरत होता.

तिनं कपाळ त्या अस्तरावर टेकलं. "भावजी… चुकलं माझं. एवढा एकच हाय मला…"

टाका सैल पडला. बत्त्या खालनं वर एकेक करत विझल्या. ज्ञानू कोसळला, "आये" म्हणाला.

तारेसकट अंगरखा तेव्हाच नीरेत सोडला.

घरी येऊन तिनं अंधारात चाचपत पोराला ताट वाढलं, आन् काडेपेटी शोधू लागली.

"कशाला गं? दिसतंय की," ज्ञानू म्हणाला.

खरंच दिसत होतं. ताटातली भाकरी, मीठ, त्याची बोटं. उजेड त्याच्याकडनंच ताटावर पडत होता. त्याचं जेवण होईस्तवर सगुणाबाईनं मान वर केली न्हाई.